ड्रायव्हर काय, नुसता बसून असतो म्हणे!

परवाच्या वीकांताला गावी जाऊन आलो. गाव म्हणजे लोणी भापकर, तालुका बारामती. बारामती म्हटलं की आमच्या हापिसातल्या पब्लिकच्या डोळ्यांपुढे ऊस, कालवे आणि गुळगुळीत रस्ते येतात. आमचं गाव त्या बारामतीतलं नव्हे. आम्ही जिरायती पट्ट्यातले, मोरगावच्या बाजूचे, पावसाची वाट बघत मोठे झालेले. गावात मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ आहे, समोर दगडी पुष्करणी आहे आणि अंगभर विष्णूच्या बारक्या मूर्ती कोरलेला यज्ञवराह आहे. मोरगावला गणपतीच्या दर्शनाला जाल तेव्हा जरा वाट वाकडी करून बघाच. (जाहिरात संपली. :-) )

तर मुद्द्यावर येतो. संध्याकाळी पारावर मंडळी जमली होती. शेजारच्या एका गावात बैलगाडी शर्यतीचं मैदान भरणार होतं आणि त्यात आमच्यातल्या दोघातिघांचा हात होता. फ्लेक्सचा मजकूर ठरत होता. पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, तिसरं... प्रत्येकापुढे 'सौजन्य' म्हणून कुणाकुणाचं नाव. मी आपलं मध्येच तोंड घातलं. (सवय आहे. मीटिंगमध्येही यामुळेच शिव्या खातो.) म्हटलं, "तात्या, एक बक्षीस ड्रायव्हरला ठेवा की. उत्कृष्ट ड्रायव्हर."

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी : आमच्याकडे दोन बैलांच्या हलक्या छकडीवर एक माणूस असतो, त्याच्या हातात कासरा असतो, आणि त्याला सगळे सरळ 'ड्रायव्हर'च म्हणतात. गाडीवान वगैरे पुस्तकात.

तात्या हसले. बाकीचेही हसले. "ड्रायव्हरला कशापायी? पळत्यात बैलं. त्यो काय, नुसता बसून असतो लका!"

पाराच्या कडेला माझा धाकटा चुलतभाऊ बसला होता. डावा हात गळ्यात अडकवलेला. याच मोसमात एका मैदानात छकडी उलटली आणि त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. तो ड्रायव्हर आहे. तो काही बोलला नाही, मोबाईलमध्ये बघत राहिला. आणि माझं डोकं सटकलं. हा लेख त्या सटकलेल्या डोक्यातून आलाय, तेव्हा सांभाळून घ्या.

*

डोकं सटकायचं दुसरंही कारण होतं. हे वाक्य मी याआधी ऐकलेलं होतं. शब्द न् शब्द तेच, फक्त जागा वेगळी. २०१९ साली गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या कँटीनमध्ये एसीच्या गारव्यात बसून एका सीनियर मंडळींपैकीच कुणीतरी म्हणालं होतं, "अर्जुन? गाडी चालवण्यासाठी? गाडीला इंजिन असतं ना रे. तो नुसता बसून असतो." पारावरचे तात्या दहावी नापास आणि कँटीनमधले साहेब एम. टेक. विद्वत्ता मात्र एकाच कंपनीची.

गौरव गिल कोण, हे बर्‍याच जणांना ठाऊक नसेल. आपल्याकडे मोटारशर्यत म्हटलं की गाडी फॉर्म्युला वनपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. गिल रॅलीवाला. रॅली म्हणजे गोल गोल ट्रॅक नव्हे. खडी, चिखल, जंगलातले, शेतातले रस्ते, एकेक गाडी सोडायची आणि घड्याळाशी शर्यत. शेजारी सहचालक वही उघडून पुढच्या वळणांची टिपणं वाचत असतो आणि ड्रायव्हर न दिसणार्‍या वळणात त्याच्या शब्दावर गाडी घालतो. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान, मलेशिया अशा ठिकाणी फेर्‍या होणारी आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा गिलनं २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीनदा जिंकली. मोटारस्पोर्टमधला तो पहिला अर्जुन पुरस्कार विजेता. हा पुरस्कार १९६१ पासून दिला जातो, म्हणजे या खेळातल्या पहिल्या माणसापर्यंत पोचायला त्याला ५८ वर्षं लागली.

का लागली, त्याचंही उत्तर 'नुसता बसून असतो' हेच आहे. २००९ साली फॉर्म्युला वन भारतात आणायची खटपट चालली होती, तेव्हा आपल्या क्रीडा मंत्रालयाचं म्हणणं होतं की हा खेळ नव्हे, ही करमणूक. २०११ ते २०१३ ग्रेटर नोएडाला तीन शर्यती झाल्या आणि बंद पडल्या. दहा वर्षांत करमणुकीचा खेळ झाला, हेही नसे थोडके.

*

आता विरोधी पक्षाचं म्हणणं नीट ऐकून घेऊ. उगाच एकतर्फी दंगा नको.

पहिला मुद्दा : गाडीच जिंकते. यात दम आहे, नाही असं नाही. सगळ्यात मजबूत पुरावा मीच देतो. डिसेंबर २०२० मध्ये लुईस हॅमिल्टनला कोव्हिड झाला. बहारीनच्या साखीर शर्यतीत त्याच्या मर्सिडीजमध्ये ऐनवेळी जॉर्ज रसेलला बसवलं. हा पोरगा तोवर विल्यम्सच्या रडतखडत चालणार्‍या गाडीत होता आणि दोन मोसमांत त्याला एक गुणही मिळाला नव्हता. मर्सिडीजमध्ये बसला, पात्रता फेरीत दुसरा आला, शर्यत सुरू झाल्याझाल्या पहिला झाला आणि टायर बदलताना टीमनं घोळ घातला नसता तर कदाचित जिंकलाही असता. झालं! 'गाडीच जिंकते' म्हणणार्‍यांची त्या दिवशी दिवाळी होती.

पण थांबा. रसेल ज्याला मागे टाकून पुढे गेला तो व्हाल्टेरी बोटासही मर्सिडीजमध्येच होता. गाडी तीच. २०२० च्या अख्ख्या मोसमात त्याच गाडीत हॅमिल्टनचे ३४७ गुण आणि बोटासचे २२३. हॅमिल्टन ११ शर्यती जिंकला, बोटास २. गाडीच जिंकत असेल तर तिनं दोघांना सारखंच जिंकवायला नको का? अजून ठसठशीत हवं असेल तर २०२४ घ्या. मॅक्स व्हर्स्टापेन ४३७ गुण, विश्वविजेता. त्याच रेड बुलमध्ये सर्जिओ पेरेझ १५२. टीम म्हणून रेड बुल त्या वर्षी तिसरी आली. तिसर्‍या क्रमांकाच्या टीमचा ड्रायव्हर पहिला. हे इंजिनानं केलं?

म्हणजे कसोटी साधी आहे. गाडीचा हिशोब वजा करायचा तर तीच गाडी दुसर्‍याला देऊन बघा. टीममधला जोडीदार हाच खरा प्रतिस्पर्धी. आपल्याच मुंबईचा जेहान दारूवाला त्याच साखीरला, त्याच दिवशी फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला, ती जिंकणारा पहिला भारतीय. फॉर्म्युला टूमध्ये सगळ्यांना एकाच साच्यातल्या गाड्या मिळतात. तिथं 'गाडीच जिंकते' म्हणायची सोयच ठेवलेली नाही. पण रसेलवर आमच्या ग्रुपवर दोनशे मेसेज पडले, आणि दारूवालावर तीन. त्यातले दोन माझे.

हीच कसोटी गिलला लावा. त्याच्या हाती स्कोडा फाबिया होती आणि त्या वर्षांत ती गाडी त्या स्पर्धेत तगडीच होती, मान्य. पण त्याच टीममध्ये त्याच्या जोडीला कोण होते? २०१३ ला फिनलंडचा एसापेक्का लाप्पी, जो पुढे २०१७ साली जागतिक रॅली स्पर्धेतली फिनलंडची फेरी जिंकला. २०१६ ला जर्मनीचा फाबियान क्राइम. २०१७ ला नॉर्वेचा ओले ख्रिश्चन वेबी. तिघंही स्कोडाचेच. आणि तिन्ही वर्षी मोसमाच्या शेवटी किताब कुणाकडे, तर दिल्लीच्या सरदाराकडे. अजून काय पुरावा हवा? शपथपत्र?

दुसरा मुद्दा पारावरचा. तात्या म्हणाले, "तिकडं खेड-मंचरला बैलगाडा पळतो, त्यावर ड्रायव्हरच नसतो. तरी पळतोच की!" मुद्दा बिनतोड वाटतो. खेड, आंबेगाव, जुन्नरकडे चार बैल आणि पुढे घोडी असते, गाडा घाटात सोडतात आणि सेकंद मोजतात. गाड्यावर माणूस नसतो, खरं आहे. पण तात्या, तिथं एका वेळी एकच गाडा असतो आणि झुंज घड्याळाशी. आपल्याकडे पाच-सात छकड्या एका रेषेत सुटतात आणि प्रत्येकीनं आपल्या पट्ट्यातच राहायचं. पट्टा सोडला की बाद. त्यात दोन बैल बर्‍याचदा दोन मालकांचे, त्या मैदानापुरते एकत्र आलेले. एक तापट, एक थंड. एक सुटताना जोर लावणारा, एक शेवटी. दोघांना सरळ ठेवायचं, शेजारची छकडी अंगावर आली तर कासरा कुठला किती खेचायचा हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. आणि निशाण ओलांडल्यावर समोरच्या गर्दीत न घुसता थांबवायचं. हे बैल करतो? मग ड्रायव्हर न बसवताच सोडा की छकडी एकदा आपल्या मैदानात. पहिल्या रांगेत मात्र उभे राहू नका.

तिसरा मुद्दा खरा शहाण्यांचा : गिलच्या स्पर्धेत दम किती होता? हा मला पटतो. आशिया-पॅसिफिक म्हणजे जागतिक अजिंक्यपद नव्हे, पूर्ण मोसम लढणारे तिथं कमीच असतात. कुणी म्हणालं की बॅडमिंटन किंवा कुस्तीच्या जागतिक पदकाशी याची तुलना होत नाही, तर मी ऐकून घेईन. नारायण कार्तिकेयनचंच बघा. २००५ ची इंडियानापोलिसची शर्यत, तो चौथा आला, पाच गुण. फॉर्म्युला वनमधले त्याचे तेवढेच. ऐकायला केवढं मोठं! पण त्या दिवशी टायरच्या भानगडीमुळे मिशेलिनवाल्या टीम सरावाची फेरी मारून परत गेल्या आणि पळाल्या सहा गाड्या. सहांत चौथा. म्हणून मी त्या चौथ्या नंबरावर नाचत नाही. (फॉर्म्युला वनपर्यंत पोचणारा पहिला भारतीय म्हणून नाचतो, २०१० ची पद्मश्री त्याला शोभली.) असा वाद घाला ना! कुणाविरुद्ध जिंकला, किती वेळा जिंकला, कुठं जिंकला. अर्जुन पुरस्काराचा निकषही तसाच आहे, गेल्या चार वर्षांतली सातत्याची कामगिरी. त्या चार वर्षांत गिलचे दोन किताब बसतात. माझ्या मते त्यानं पुरस्कार कमावला. तुमचं मत वेगळं असू शकतं. पण 'नुसता बसून असतो' हे मतच नव्हे. तो बघायचा कंटाळा आहे.

*

आता माझा खरा मुद्दा. इतका वेळ वाचलंत तर हेही वाचा.

छकडी जिंकली की काय होतं? बैलाला गुलाल. बैलाचं नाव लाऊडस्पीकरवर. बकासुर, मथुर ही बैलांची नावं आमच्याकडे शाळेतल्या पोरांना पाठ आहेत, आणि मला त्याचा आनंदच आहे, खिलार जनावराचा तो मानच आहे. मग मालकाला फेटा, ढाल, गाडी, फोटो. ड्रायव्हर त्या फोटोत असलाच तर कडेला, अर्धा कापलेला.

आणि छकडी हरली की? तेव्हा अचानक सगळ्यांना ड्रायव्हर दिसायला लागतो. "त्यानं कासरा आखडला." "त्यानं पट्टा सोडला." "त्याला कुणी बसवला रे?" माझा भाऊ पडला त्या दिवशी हाड मोडलेल्या अवस्थेत त्यानं पहिलं वाक्य काय ऐकलं असेल? "बैलाला लागलं का बघा आधी." बैलाला लागलं का हे बघायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. त्यानंतर ह्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं, ही तक्रार आहे. दवाखान्याचा खर्च घरातून झाला. हेल्मेट नव्हतं, विमा नव्हता. कारण सोपं आहे. जो नुसता बसून असतो त्याला कशाला विमा?

आता सांगा. जो काही करतच नाही, तो चुकतो कसा? जिंकल्यावर बैल पळतो आणि हरल्यावर ड्रायव्हर चुकतो, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. हरल्यावर ज्याच्या नावानं शिव्या, जिंकल्यावर त्याच्या नावानं टाळ्या पडल्याच पाहिजेत. हा साधा हिशोब आहे, जमा आणि खर्च एकाच खात्यावर.

गिलच्या बाबतीतही हाच हिशोब झाला, आणि तो फार वाईट पद्धतीनं झाला. पुरस्काराला महिनाही झाला नव्हता. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेरीत त्याच्या गाडीची एका मोटरसायकलला धडक बसली आणि एकाच घरातले तिघे गेले. तिथं दोष कुणाचा, रस्ता किती बंद होता, हे ठरवणारा मी कोण. ते तिघे परत येणार नाहीत आणि त्यांच्यापुढे कुठलाही पुरस्कार फुटक्या कवडीचा आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या दिवशी 'गाडीनं धडक दिली, तो नुसता बसून होता' असं एकही माणूस म्हणाला नाही. प्रत्येक बातमीच्या मथळ्यात गिलचं नाव होतं. ते बरोबरच होतं, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात होतं. मग न्यूझीलंडच्या आणि जपानच्या रस्त्यावरही ते त्याच्याच हातात होतं ना?

आणि म्हणूनच मला ड्रायव्हरला मान हवाय. कौतुकाचे दोन शब्द मिळावेत एवढ्यासाठी नाही. ज्याला आपण कर्ता मानतो त्याच्याकडून आपण काही मागू शकतो, आणि त्याचं काही देणंही लागतो. ज्याला प्रवासी मानतो त्याच्याशी आपलं काही देणंघेणंच उरत नाही.

*

तुम्ही म्हणाल, बाबा रे, तू सॉफ्टवेअरवाला, तुला ह्या छकडीचं एवढं काय? सांगतो. हेच वाक्य मीही आयुष्यभर ऐकतोय. आमचे आण्णा पहिल्यांदा पुण्याला आले तेव्हा माझं काम दहा मिनिटं बघून म्हणाले, "म्हंजे काम कॉम्प्युटर करतो. तू नुसती बटणं दाबतो." तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही, कारण तेच वाक्य वरच्या मजल्यावरून येतं. "कोड तर आता एआय लिहितं, मग तू नक्की काय करतोस?" चांगलं चाललं तर टूल भारी. शनिवारी रात्री दोन वाजता सिस्टिम झोपली की मात्र फोन टूलला येत नाही. मला येतो. गेल्या अप्रेझलला मी हा मुद्दा मांडला. फार उपयोग झाला नाही, ते सोडा. पण कासरा कुणाच्या हातात असतो हे मला त्या रात्री दोन वाजता नीट कळतं.

तर तात्या, पुन्हा तुमच्याकडे. बंदीचे दिवस आठवा. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. २०१७ ला राज्यानं कायदा बदलला, तरी गाडी पुढे सरकेना. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदी कशामुळे आली होती? बैलांच्या छळामुळे. चाबूक, शेपट्या पिरगाळणं, खिळे. ते कोण करायचं? बैल स्वतः तर करत नव्हता. आता ते सगळं नियमानं बंद आहे. ते पाळतं कोण, मोडतं कोण? कासरा धरणारा. म्हणजे उद्या परत बंदी आली तर ती ड्रायव्हरमुळे येणार आणि नाही आली तर तीही ड्रायव्हरमुळेच. आणि त्यालाच तुम्ही म्हणता नुसता बसून असतो?

म्हणून माझी मागणी अशी. फ्लेक्सवर प्रत्येक छकडीपुढे बैलांची नावं, मालकाचं नाव आणि ड्रायव्हरचंही नाव. एक बक्षीस उत्कृष्ट ड्रायव्हरचं, आणि ते फायनल जिंकणार्‍याला आपोआप द्यायचं नाही. दिवसभरात ज्यानं पट्टा सोडला नाही, जनावराला हात लावला नाही, हलक्या जोडीलाही सेमीफायनलपर्यंत नेलं, त्याला द्यायचं. पंचांनी बसून ठरवायचं आणि कारण माईकवर सांगायचं. डोक्याला हेल्मेट आणि मैदानापुरता विमा, ह्याचा खर्च पहिल्या बक्षिसातून कापा. ट्रॅक्टरऐवजी थोडा लहान ट्रॅक्टर द्या. बैलाला काही फरक पडत नाही, तो ट्रॅक्टर चालवत नाही.

हे सगळं मी पारावर बोललो. (इतकं सलग नाही, मध्ये दोनदा चहा झाला.) तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विम्याचं बघतो. बक्षिसाचं काय सांगत नाही. पोरं हसत्याल." म्हटलं, हसू द्या की.

रात्री जेवताना भावाला विचारलं, परत बसणार का छकडीवर? तो म्हणाला, "दादा, हात बरा झाला की बसणार. पण तू ते नावाचं बोललास ना, ते लावून धर. बक्षीस नाय दिलं तरी चालंल. लाऊडस्पीकरवर एकदा नाव घेतलं पायजे."

सोमवारी सकाळी परत पुण्याला. अजून फ्लेक्स छापून यायचाय. आला की कुणीतरी फोटो पाठवेलच. नाव असलं तर इथं सांगीन. नसलं तर पुढच्या वीकांताला परत पारावर.